दारं धरताना

काल सकाळी एकच दार होतं. आठ हजार ऐंशी.
सेलू, पाथरी, जिंतूर, पूर्णा,
सगळीकडची पोरं सराव परीक्षेला
नऊच्या ठोक्याला त्या एका उंबऱ्यावर आली
आणि नऊ वाजून चार मिनिटांनी
सगळे पडदे पांढरे.
सोळंके सर म्हणाले, मोठा सर्व्हर परवडत नाही,
आहे त्यातच बसव. उद्या परत नऊला.

म्हणून परभणीत, वसमत रोडवर, रात्री दीड वाजता
मी, कूलर, आणि कूलरमधलं संपलेलं पाणी.

त्याच मशीनवर चार प्रोसेस उभ्या केल्या:
तीन हजार एक, दोन, तीन, चार.
त्यांच्यापुढे लोड बॅलन्सर.
तो काही करत नाही, नुसता हात दाखवतो,
तू इकडं, तू तिकडं.
त्याला सांगितलं, ओळीनं वाट.
म्हणाला, सत्ताविसाव्या ओळीत चूक.
अर्धविराम राहिला होता.
एवढ्याशा टिंबा-शेपटीवर जिल्ह्याची परीक्षा अडते
हे खिल्लारे बाईंनी आठवीत सांगितलं असतं
तर मी विरामचिन्हं ऑप्शनला टाकली नसती.

कालच्या लॉगमधली पोरं परत सोडली.
वाटली गेली छान. पण आत गेलेलं पोर
दुसऱ्या प्रश्नाला पुन्हा दाराबाहेर:
एक नंबरनं ओळखलं होतं,
दोन नंबर विचारतो, नाव काय तुझं?

बरं, मग पत्त्यावरून वाट.
ज्या पत्त्याचं पोर त्याला कायम तेच दार.
तर जिंतूरच्या लॅबमधली साठ पोरं
एकाच वायरीतून येतात, साठांचा पत्ता एक.
साठच्या साठ तीन नंबरच्या अंगावर,
आणि चार नंबर कानात काडी घालून बसलेला.

‘शिरीनताई, काय करायलाव एवढ्या रातीचं?’
मुंजाजी. वॉचमन. हातात फुटक्या दांडीची बॅटरी.
मी सांगितलं, जमेल तसं.
त्यानं पडदा पाहिला नाही, मलाच पाहिलं.
‘म्हंजे दारं धरायलाव की.’

बावीस वर्षं डाव्या कालव्यावर
लोकांच्या रानात रात्रीचं पाणी दिलंय त्यानं.
‘मोजून देऊ नका,’ म्हणाला.
‘एखादी सरी भेगाळलेली, पितच राहती.
एखादी चढाला. अंधारात काय दिसतंय?
पाय घालून बघायचं, कोणती भरली.
भरली की तिचं दार बांधायचं, दुसरीचं फोडायचं.’
आणि उंदराचं बीळ लागलं तर?
‘सोडून द्यायची ती सरी. उजाडल्यावर बघू.
पाळी आपल्यासाठी थांबत नसती, ताई.’
जाता जाता दारातून:
‘आन् हे बघा, शेवटची सरी आधी बघायची.
पहिली कुणाचीबी भिजती.’

मी ओळ बदलली.
ज्याच्याकडे कमी, पुढचा त्याला.
तीन हाकांना ओ न देणाऱ्याला
अर्धा मिनिट वगळ, मग परत विचार.
पोरांची नावं चौघांच्या मधोमध, एका वहीत,
कुणीही उघडून बघावी.
पाचला जरा डोळा लागला. कीबोर्डची खूण गालावर.

नऊ.
नऊ पाच. पांढरं नाही.
नऊ बाराला तीन नंबर पडला.
मी खुर्चीची कड धरली.
बाकी तिघांनी काही न बोलता वाटून घेतलं.
पाथरीत कुण्या पोरीनं सतराव्या प्रश्नाला ‘ब’ निवडला
(चुकला, मागून बघितलं मी)
आणि अठरावा उघडला.
तिला काहीच कळलं नाही.
माझा पगार बहुतेक ह्याचाच.

मुंजाजी सहालाच सायकलवर गेलेला.
फाईल मिटण्याआधी सगळ्यात वर एक ओळ टाकली,
तिच्यापुढे त्या दोन आडव्या, दोन उभ्या रेघा.
अशी ओळ मशीन वाचत नाही,
मागून येणाऱ्या माणसासाठी असते.
‘शेवटची सरी आधी बघ.’

सोळंके सर खांद्यावरून वाकले. हे काय?
म्हटलं, डॉक्युमेंटेशन.